कागदाकडे न बघता काढलेला पाय

मी एक जुना पाय आहे. दचकू नका, मित्रांनो. मी नुसताच पाय आहे, वर माणूस नाही. घोट्याच्या जरा वर मी संपतो. मी प्लास्टरचा आहे, उजवा आहे, आणि चित्रकलेच्या एका वर्गात उंच स्टुलावर उभे राहण्यात माझे सगळे आयुष्य गेले आहे. पायाचा जन्म मिळूनही मी एक पाऊल चाललेलो नाही. तरी माझ्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे.

माझा जन्म एका मूर्तिकाराच्या कारखान्यात झाला. तिथे एक पोस्टमन रोज टपाल घेऊन येई. चालून चालून त्याच्या पायांना असा काही घाट आला होता की मूर्तिकाराची नजर त्याच्या चेहऱ्यापर्यंत कधी पोचलीच नाही. एके दिवशी त्याने पोस्टमनला खुर्चीवर बसवले आणि त्याच्या पायाचा साचा घेतला. पोस्टमन सारखा म्हणत होता, "लवकर करा हो, गुदगुल्या होतायत." साचा तयार झाला आणि त्यात ओले प्लास्टर ओतले गेले. प्लास्टर घट्ट होताना गरम होते. म्हणजे मी जन्मलो तोच अंगात ताप घेऊन. ताप उतरला, साचा उघडला आणि मी बाहेर आलो. पोस्टमनचे सगळे काही माझ्यात उतरले होते. पावलावरची फुगलेली शीर, बुटात दबून आत वळलेली करंगळी, आणि अंगठ्यापेक्षा लांब असलेले शेजारचे बोट. त्या लांब बोटाचा मला फार अभिमान होता.

आमचे सर तेव्हा अगदी तरुण होते. नवा वर्ग काढायचा म्हणून ते कारखान्यात आले आणि मला घेऊन गेले. मला तडा जाऊ नये म्हणून त्यांनी अंगातला स्वेटर काढून मला गुंडाळले आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारले, "यात काय आहे?" सर म्हणाले, "पाय." कंडक्टर पुढे काही न विचारता दुसऱ्या टोकाला निघून गेला.

आमचा वर्ग एका लाँड्रीच्या वर होता. अजूनही आहे. खालून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास जिन्याने वर येतो. खोलीला एका बाजूला मोठी खिडकी आहे. तिथून दिवसभर सारखाच, थंड उजेड येतो. त्या उजेडात माझी एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. सरांनी मला त्याच जागी ठेवले आणि भोवती मुलांना बसवले.

सरांची शिकवण साधी होती. आधी बघा, मग मोजा, मग काढा. मुले हात लांब करत, एक डोळा मिटत आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत माझी उंची मोजत. अंगठ्याची लांबी टाचेच्या किती पट, घोटा बोटांपेक्षा किती वर, सगळे ठरलेले. सर मुलांच्या पाठीमागून फिरत. त्यांच्या कानामागे सुईसारखी टोकदार पेन्सिल असे. कुणाची रेषा चुकली की ते वाकत, ती पेन्सिल काढत आणि मुलाच्या कागदावर बरोबर रेषा ठळक ओढून दाखवत. "इथे," एवढेच म्हणत आणि पुढे जात.

त्यांच्या हाताखाली मुले खरोखर तयार झाली. परीक्षांत पहिली आली, त्यांची चित्रे भिंतीवर लागली. "सरांचा पाय काढता आला म्हणजे काहीही काढता येतं," असे लोक म्हणू लागले. मी मनातल्या मनात फुशारून जाई. भिंतभर मीच होतो. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकत असे, मित्रांनो. कोणते चित्र कोणाचे, हे मला ओळखता येत नसे. सगळी चित्रे इतकी बरोबर होती की ती एकाच हाताने काढल्यासारखी वाटत.

सरांना एक मुलगी होती. ती या वर्गातच वाढली म्हणा ना. माझ्या स्टुलाखाली बसून ती खडूने काहीबाही काढत असे. एकदा तिने मला टोपी घातलेली काढली. सर हसून म्हणाले, "पायाला कधी टोपी घालतात का गं?"

ती म्हणाली, "थंडी वाजली तर घालतात."

सरांनी तो कागद बरेच दिवस खिशात ठेवला होता. ते कठोर नव्हते. चुकीची रेषा दिसली की त्यांना राहवत नसे, एवढेच.

पुढे ती मोठी झाली आणि इतर मुलांबरोबर बोर्ड घेऊन बसू लागली. पंधरा-सोळा वर्षांची असताना तिने माझे एक चित्र काढायला घेतले. कितीतरी दुपारी ती त्यावर होती. त्या चित्रात मी स्टुलावरून आत्ता खाली उतरेन असा दिसत होतो. टाच जराशी उचललेली होती. मला ते चित्र फार आवडले होते. इतक्या वर्षांत मला चालते कोणी केले नव्हते. सर मागून आले, वाकले आणि त्यांनी टाचेवरून ठळक काळी रेषा ओढली. "इथे," म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले.

ती थोडा वेळ त्या रेषेकडे बघत बसली. मग तिने क्लिप काढली, कागदाची गुंडाळी केली आणि उठून गेली. त्यानंतर ती वर्गात बसली नाही. सरांचा चहा घेऊन वर येई, कप ठेवी आणि बोर्डांकडे न बघता जिना उतरे. सरांना वाटले, मुलगी मोठी झाली, अभ्यास वाढला. तिने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही.

पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली. आजारपणाने किंवा अपघाताने ज्यांचे हातपाय आखडले आहेत, त्यांना ते पुन्हा हलवायला शिकवणे हे तिचे काम.

वर्षे गेली. वर्गातली मुले कमी कमी होत गेली. वर्ग नसेल तेव्हा माझ्यावर एक जुनी चादर पडू लागली. बोटांच्या बेचक्यात कोळ्याने संसार थाटला. शेवटी परीक्षेला बसणारी मोजकी मुले तेवढी उरली. सर त्यांना तितक्याच मन लावून शिकवत, पण माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे थकलेले दिसत. इतकी वर्षे तीच टाच आणि तोच घोटा मोजून कोणीही थकेल.

अशात एकदा लाँड्रीतल्या साबणाच्या पाण्यावरून सरांचा पाय घसरला. ते जिन्यावरून पडले आणि उजवे मनगट मोडले. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. म्हणजे आता आम्ही दोघे एका जातीचे झालो होतो, पण ते हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. गळ्यात अडकवलेला हात घेऊन ते वर्गात आले आणि लेकीला म्हणाले, "हात बरा होईपर्यंत वर्ग बंद ठेवू. मुलांना तसं कळवून टाक."

ती म्हणाली, "बंद कशाला? संध्याकाळी मी मोकळी असते. मी घेते."

"तू? तुला कुठे काढता येतं आता?"

"नाहीच येत. पण आखडलेले हात मोकळे करता येतात. तुमच्या मुलांचे हात तुम्ही पाहिलेत का, बाबा? पेन्सिल अशी धरतात, जशी काही ती पळून जाणार आहे."

सरांनी खुर्ची कोपऱ्यात ओढली आणि तिथे बसून राहिले.

मुले तिला ताई म्हणू लागली. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिचे खरे नाव वर्गात कोणी घेत नसे. तिला सगळे खोडरबर म्हणत. ती एक रेषा काढी आणि ती खोडी. पुन्हा काढी, पुन्हा खोडी. खोडता खोडता कागदाला भोक पडे. मग ती नवा कागद मागे आणि मान आणखी खाली घाली. तिचे वडील कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक होते. मुलीने परीक्षेत चांगली श्रेणी मिळवावी, एवढे त्यांचे म्हणणे होते.

पहिल्या दिवशी ताई लाँड्रीवाल्या काकांकडून कपडे बांधायचा तपकिरी कागद घेऊन आली. भेंडोळीच्या भेंडोळी. तिने माझ्यावरची चादर काढली, कोळ्याला खिडकीतून बाहेर सोडले आणि मुलांना एकेक मोठा तुकडा दिला. मग दुसरा छोटा तुकडा दिला आणि सांगितले, "याच्या मधोमध पेन्सिल आरपार खुपसा."

मुलांनी खुपसली. आता पेन्सिलीच्या टोकाच्या जरा वर कागदाची छत्री झाली. खाली काय उमटते आहे ते कोणालाच दिसेना.

ताई म्हणाली, "आता फक्त पायाकडे बघायचं. समजा, त्याच्यावर एक मुंगी चालतेय. तुमचा डोळा त्या मुंगीवर ठेवा. ती जशी जाईल तशी पेन्सिल जाऊ दे. मुंगी उडी मारत नाही आणि घाई करत नाही."

कोपऱ्यातून सरांचा खोकला ऐकू आला. खोकला कसला, नाराजीच ती.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणीतरी सावकाश बघितले. तोवर मला मोजत होते. आता मुलांची नजर माझ्या शिरेवरून चढत होती, घोट्याला वळसा घालत होती, बोटांच्या खाचांत उतरत होती. मला पोस्टमनच्या गुदगुल्या काय असतील ते कळले.

मुलांनी छत्र्या काढल्या तेव्हा वर्गात एकच हशा पिकला. कोणाचा पाय बटाट्यासारखा झाला होता, कोणाचा ढगासारखा. एकाचा अंगठा कागद सोडून बोर्डावर गेला होता. खोडरबर मात्र हसली नाही. तिचा हात सवयीने रबराकडे गेला आणि तिथेच थांबला. काय खोडावे हेच तिला कळेना.

ताई तिच्याजवळ उकिडवी बसली. छान म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. तिने विचारले, "तुझी मुंगी कुठे थांबली होती?"

"इथे. करंगळीपाशी. ती एकदम आत वळते ना, तिथे मुंगीला जायला जागा नव्हती."

मी पाहिले. बाकीचे चित्र वेडेवाकडे होते, पण ती आत दबलेली करंगळी अगदी माझी होती. भिंतीवरच्या एकाही चौकटीत ती तशी नव्हती.

मग रोज नवा खेळ निघू लागला. कधी डाव्या हाताने काढायचे, आणि जे डावखुरे त्यांनी उजव्याने. कधी पडद्याच्या काठीला पेन्सिल बांधून, उभे राहून, जमिनीवर पसरलेल्या कागदावर काढायचे. कधी पेन्सिल एकदाही न उचलता. कधी ताई लाँड्रीतल्या मशीनची घरघर ऐकवी आणि म्हणे, "आज या आवाजाने पाय काढा." त्या दिवशीचे माझे चित्र गरगरणारे, फेसाळलेले होते. मला ते ओळखता आले नाही, पण काढणारा लगेच ओळखता आला. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होते.

सर रोज येत आणि कोपऱ्यात बसत. एकदा न राहवून ते म्हणाले, "हा सगळा खेळ झाला. चित्र कुठंय यात?"

ताई म्हणाली, "बाबा, माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी 'हात नीट हलवा' म्हटलं ना, तर त्याचा हात जास्तच आखडतो. 'हा चेंडू झेला' म्हटलं की हात आपोआप वर जातो. आधी हात तर वर जाऊ दे."

थोड्याच दिवसांनी औषधाच्या दुकानाचे मालक जिना चढून आले. त्यांच्या हातात खोडरबरचा फेसाळलेला पाय होता. "सर, परीक्षा तोंडावर आलीय आणि घरी हे असलं येतंय. हा पाय आहे का?"

सरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "वर्ग सध्या माझ्या मुलीचा आहे. तिला विचारा."

ताईने त्यांना समजावले, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. परीक्षेपर्यंत मुलीला पाठवतो, मग बघू, असे म्हणून ते गेले. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचाही धीर सुटत चालला होता, हे मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिने मुलांना कोळशाच्या कांड्या दिल्या आणि सांगितले, "पूर्ण कागद काळा करा. एकही पांढरा ठिपका नको." मुलांना तेवढेच हवे होते. हात काळे झाले, नाके काळी झाली. मग ती म्हणाली, "पेन्सिली आत ठेवा. आता रबर घ्या. पायावर जिथे जिथे उजेड आहे, तिथे तिथे काळोख पुसा."

खोडरबरने रबर हातात घेतले. ते तिच्या हाताला इतके सवयीचे होते की तिला विचार करावा लागला नाही. तिने काळ्या कागदावर एक झटका मारला आणि माझ्या पावलाचा उतार चमकला. दुसरा झटका, आणि घोटा वर आला. ती काढत होती आणि खोडत होती, आणि त्या दिवशी दोन्ही एकच होते. शेजारची मुले आपले चित्र सोडून तिच्यामागे येऊन उभी राहिली. काळोखातून मी हळूहळू बाहेर येत होतो. सरही खुर्चीवरून उठले आणि दोन पावले पुढे आले. मग परत जाऊन बसले.

त्या दिवशी जाताना ती मुलगी जिन्यावरून गुणगुणत उतरली.

पण सुखाचे दिवस लगेच संपतात की काय असे वाटावे, असे पुढे घडले. ताईने लाँड्रीतून एक उशीचा अभ्रा आणला आणि मला त्यात घातले. एकेकाने अभ्र्यात हात घालून मला चाचपायचे आणि हाताला जे कळले ते काढायचे. खोडरबरची पाळी आली. तिने डोळे मिटले होते. माझे लांब बोट तिच्या हाताला लागले, तिला गंमत वाटली आणि तिने मला जरा वर उचलले. अभ्रा गुळगुळीत होता. मी निसटलो आणि फरशीवर पडलो.

मला दुखले नाही, मित्रांनो. प्लास्टरला दुखत नाही. पण आवाज मोठा झाला. ताईने मला बाहेर काढले तेव्हा माझे लांब बोट अभ्र्यातच राहिले होते.

सर उभे राहिले. मुलांना ठाऊक होते की माझ्यावर पेन्सिलीचा नुसता डाग पडला तरी सरांचा जीव वरखाली होतो. सर एक अक्षर बोलले नाहीत. पण न बोललेले कधी कधी जास्त लागते. ती मुलगी पांढरीफटक पडली. तिने दप्तरही घेतले नाही. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला आणि खाली विरून गेला.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. दप्तर न्यायला तिचे वडील आले आणि म्हणाले, "तिला आता यायचं नाहीये."

संध्याकाळी मुले गेल्यावर ताई खडू, कांड्या आवरत होती. सर कोपऱ्यातून म्हणाले, "येईल गं. लहान आहे, विसरेल."

"नाही येणार," ताई म्हणाली. "मला माहीत आहे. मीपण आले नव्हते."

सर म्हणाले, "तू का सोडलंस, ते मी कधी विचारलंच नाही."

"नाही विचारलंत."

"ते टाचेचं चित्र ना?" त्यांना आठवत होते, हे ऐकून मीसुद्धा चकित झालो. "टाच चुकली होती, बाळा."

"चुकली होती, बाबा. मी कुठे नाही म्हणते? पण कागद माझा होता."

ताईच्या आवाजात राग नव्हता. तिने कांड्यांचा डबा बंद केला, दिवा लावला आणि खाली लाँड्रीवाल्या काकांना अभ्रा परत द्यायला गेली. सर तसेच बसून राहिले. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्यांची बोटे हलत होती, जणू काही हवेत शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच वर आले. त्यांनी तपकिरी कागदाचा तुकडा घेतला आणि डाव्या हाताने, दातांची मदत घेत, बोर्डाला लावला. मग छोट्या तुकड्यात पेन्सिल आरपार खुपसली. छत्री झाली. ते माझ्यासमोर बसले.

मित्रांनो, ज्यांनी मला हजारदा मोजले, त्यांनी त्या सकाळी मला पाहिले. सवयीने त्यांचा एक डोळा मिटत होता, तो ते पुन्हा उघडत होते. त्यांची मुंगी फार सावकाश निघाली. शिरेवरून, अंगठ्यावरून ती तुटलेल्या बोटाच्या जागी आली. तिथे खळगा होता, खरखरीत, पांढराशुभ्र. मला त्याची लाज वाटत होती. मुंगी त्या खळग्यात उतरली आणि कितीतरी वेळ तिथे हिंडत राहिली.

छत्री काढून त्यांनी कागदाकडे बघितले आणि ते हसले. असे हसलेले मी त्यांना लेकीच्या टोपीवाल्या चित्रानंतर पाहिले नव्हते. मग कागदाची गुंडाळी करून ते लगबगीने खाली गेले.

पुढचे मी पाहिलेले नाही. ते खोडरबरने नंतर वर्गात हावभाव करून सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे. सर थेट औषधाच्या दुकानात गेले. ती गल्ल्याशेजारी वही-पेन्सिल घेऊन बसली होती. त्यांना बघून ती टेबलाखाली लपली. सरांनी तो कागद काउंटरवर पसरला.

तिच्या वडिलांनी चष्मा वर केला. "सर, हे कोणी काढलं?"

"मी. डाव्या हाताने, न बघता."

सर वाकून मुलीला म्हणाले, "तुटलेल्या बोटाचं हे पहिलं चित्र. बोट जिथे तुटलं ना, तीच त्या पायातली सगळ्यात बघण्यासारखी जागा झालीय. इतकी वर्षं मी ती काढू शकलो नसतो, कारण ती नव्हतीच. तुला हे कसं वाटतंय ते सांग."

ती हळूच वर आली. कागद बघत राहिली. मग म्हणाली, "सर, बोटापाशी चांगलंय. पण घोट्याजवळ तुमची मुंगी पळाली."

"पळाली खरी," सर म्हणाले. "पेन्सिल तुझ्याकडेच आहे. दाखवतेस का?"

तिने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. "तुमच्या कागदावर नको. मी माझ्या कागदावर काढून दाखवते."

आणि संध्याकाळी ती आली. वडील सोडायला आले होते. ते जिन्यातच थोडा वेळ रेंगाळले, आत डोकावले आणि गेले.

त्यानंतर परीक्षा झाली. सगळ्यांना भरघोस श्रेणी मिळाल्या असे मी सांगणार नाही. कोणाला मिळाली, कोणाला बेताची मिळाली. खोडरबरला मधली मिळाली. पण तिच्या कागदाला भोक पडले नव्हते. तिचे वडील दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकांना तिचे काळ्या कागदावरचे चित्र दाखवू लागले.

सरांचे प्लास्टर निघाले. ताई त्यांच्या आखडलेल्या मनगटाचा व्यायाम घेऊ लागली. ठरले असे की वर्ग आता दोघांनी मिळून घ्यायचा. मोजणे बंद झालेले नाही. आठवड्यातून एकदा सर अजून मोजायला शिकवतात, आणि मुले तेही आनंदाने करतात, कारण आता मोजण्याची भीती उरलेली नाही. पण त्यांच्या कानामागे पेन्सिल नसते. आपल्या खिशात ते खडू ठेवतात आणि काही दाखवायचे झाले तर स्वतःच्या कागदावर दाखवतात.

मग एकदा सरांनी माझे बोट ओल्या प्लास्टरने जोडले. जोड नीट वाळेपर्यंत मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे होते. हात लावायची बंदी. मुले आली तर स्टूल रिकामे. "आज काय काढायचं?" असा गलका झाला.

सरांनी इकडेतिकडे पाहिले. मग ते खुर्चीत बसले, उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून स्टुलावर ठेवला.

मोज्याच्या इलॅस्टिकची खूण नडगीवर उमटलेली होती. अंगठ्याचे हाड बाहेर आलेले, टाचेला भेगा. माझ्यापेक्षा कितीतरी जुना पाय, आणि वर हलणारा. मुले खुसखुसली आणि मग गंभीरपणे कामाला लागली. ताईने मुलांमध्ये एक बोर्ड ओढला, त्याला कागद लावला आणि तीही बसली. कोणी तिला बस म्हटले नव्हते.

सरांची नजर तिच्या हाताकडे गेली. ते जरासे पुढे झुकले.

"हलू नका, सर," खोडरबर म्हणाली.

"अगं, जरा बघू तरी दे."

"झालं की दाखवू," ताई कागदावरून मान वर न करता म्हणाली.

सर मागे टेकले आणि बसून राहिले. त्या खोलीत त्यांना दुसऱ्याचे चित्र पुरे होण्याची वाट बघताना मी पहिल्यांदाच पाहिले. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, पण ते हलले नाहीत. लाँड्रीतली मशीन घरघरत होती आणि बारा-पंधरा पेन्सिलींची खसखस त्या आवाजात मिसळत होती. वर्ग पुन्हा एवढा भरला कधी, हे मला कळलेही नव्हते.

मित्रांनो, माझे एवढे मागणे आहे. तुमच्या वर्गात, शाळेत, एखाद्या कपाटावर माझे भाऊबंद असतील. कोणी हात असेल, कोणी नाक. त्यांच्यावरची चादर काढा. ओल्या फडक्याने पुसू नका, आम्ही पाणी पितो आणि भुसभुशीत होतो. कोरड्या ब्रशने झटका. पण तुटेल म्हणून लांब ठेवू नका. हात लावा, उचलून बघा, उलटे करून बघा. आम्हाला जपणे म्हणजे आम्हाला वापरणे. आणि शेजारच्याच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवावीशी वाटली, तर आधी त्याला विचारा.

माझा जोड आता वाळला आहे. जरा वाकडा बसला आहे, पण तो तसाच राहू द्यायचे ठरले आहे. मी पुन्हा स्टुलावर आलो आहे. तुम्ही या, बसा आणि सुरुवात कुठूनही करा. मला कुठे जायची घाई नाही.